बेटांवरच्या ओढ्यातले खेकडे: आधी अंडी बघा, मग बाकीचं

ओढाकाठ

उष्ण कटिबंधातल्या बेटांवर ओढ्यात खेकडा सापडला की बहुतेक वह्यांत "गोड्या पाण्यातला खेकडा, एक नग, दगडाखाली" एवढीच नोंद असते. मुख्य गोष्ट तिथेच राहून जाते. या खेकड्याची पिल्लं ओढ्यातच वाढतात, की समुद्रात जाऊन परत येतात? पाहणी कुठे करायची, बंधारा घातला तर काय होईल, संख्या घटली तर ती भरून येईल का, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं.

समुद्रावर अवलंबून असलेल्यांचं ठळक उदाहरण म्हणजे हिंदी-प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवर सगळीकडे आढळणारा व्हरुना लिटराटा. प्रौढ खेकडे ओढ्याच्या खालच्या टप्प्यात, गोड्या पाण्यात राहतात. अंडी फुटायच्या वेळी मादी खाऱ्या पाण्याकडे उतरते. अंडी बारीक असतात, संख्येने प्रचंड. त्यातून निघणारे झोइया, म्हणजे पहिल्या अवस्थेतल्या अळ्या, समुद्रात तरंगत वाढतात आणि पुढच्या मेगालोपा अवस्थेत झुंडीने नदीमुखातून वर चढतात. असा एखादा ओढा रिकामा झाला तरी समुद्रातून नवी भरती येऊ शकते. वाट मात्र मोकळी हवी.

दुसरा गट पूर्णपणे ओढ्याचा. यात अंडी मोठी, साधारण २ ते ४ मिमी व्यासाची आणि थोडी, काही डझनांपासून काही शेपर्यंत. झोइया नाही, मेगालोपा नाही. अंड्यातून थेट खेकडाच बाहेर पडतो. अंडी घेऊन बसलेली मादी नीट बघितली तर पोटाखालची रुंद झडप फुगून कवचापासून सुटलेली दिसते, कडेने पिवळ्या-नारिंगी गोळ्या डोकावतात. अंडी फुटल्यानंतर त्याच झडपेखाली दाटीने बसलेली पिल्लं दिसतात: डाळीच्या दाण्याएवढी, जवळजवळ पारदर्शक पायांची, पण नांग्या, डोळे, कवच सगळं जागच्या जागी. आई त्यांना काही दिवस ते काही आठवडे तशीच बाळगते.

या गटाला समुद्र म्हणजे भिंत. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणं सोडा, डोंगराच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगाच्या ओढ्यात जाणंही कठीण. त्यामुळे एवढ्याशा जागेत वेगवेगळ्या प्रजाती झाल्या. श्रीलंकेत गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या ५१ प्रजाती नोंदल्या गेल्या, त्यातल्या ५० जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. सेशेल्सच्या ग्रॅनाइटच्या बेटांवर बराच काळ सेशेलम अलुओडी ही एकच प्रजाती मानली जायची. २०१४ मध्ये तिच्या तीन झाल्या. नव्या दोन प्रजातींची नावं सेशेलम सिलुएट आणि सेशेलम माहेफ्रेगेट, म्हणजे बेटांच्याच नावांवरून. बाहेरून तिन्ही इतक्या सारख्या की डीएनएची मदत घेतल्यावरच फरक पक्का झाला.

जगात गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या १,३०० पेक्षा जास्त प्रजाती आहेत आणि त्यातल्या कित्येकांची सगळी वस्ती मोजक्या ओढ्यांत आहे. अशा ठिकाणी चुकीच्या पद्धतीने केलेली पाहणीसुद्धा नुकसान करू शकते. ज्यांनी असं काम केलं आहे किंवा करणार आहेत त्यांनी पद्धती, मापं, चुका इथे लिहाव्यात.

निवळी

उत्तम विषय. पण अंड्यांवाली मादी प्रत्येक फेरीत सापडेलच असं नाही. फक्त नर किंवा लहान पिल्लं मिळाली तर कोणता गट हे कसं ओळखायचं?

शेवाळ

निवळी, तीन गोष्टी बघा.

पहिली, जागा. समुद्रापासून उंचावर, मध्ये उभा धबधबा, आणि तरीही दोन-तीन आकारांची पिल्लं एकाच डोहात. असं असेल तर ती बहुधा तिथेच जन्मलेली आहेत. सगळ्यात लहान पिल्लू किती मोठं, हे नोंदवायला विसरू नका. ४-५ मिमी रुंदीची पिल्लं धबधब्याच्या वर मिळणं हा अंड्यांच्या खालोखाल चांगला पुरावा आहे. एकट्या धबधब्यावर मात्र भिस्त ठेवू नका. समुद्रातून परत येणारे काही खेकडे ओल्या कातळावरून सरळ चढतात.

दुसरी, घडण. खऱ्या गोड्या पाण्यातल्या खेकड्याचं कवच सहसा आडवं लंबगोल, वरून फुगीर, गुळगुळीत. खाडीकाठच्या सेसार्मिड कुळातल्या खेकड्यांचं कवच चौकोनी, डोळे दोन्ही कोपऱ्यांच्या जवळ, आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना, गालावर म्हणा, बारीक केसांची जाळीदार नक्षी असते. भिंगाखाली ती लगेच दिसते. व्हरुनाचे मागचे पाय चपटे आणि केसाळ कडांचे, पोहण्यासाठी. एकदा दिसले की पुन्हा चुकत नाहीत.

तिसरी, नराच्या झडपेखालचे जननपाद, म्हणजे मीलनासाठी बदललेले पाय. प्रजात ठरवताना शेवटचा शब्द यांचाच. त्यासाठी नमुना लागतो, नुसता फोटो चालत नाही.

आता धाग्यातल्या मूळ मांडणीत एक भर. दोनच गट धरले तर सेसार्मिड खेकड्यांवर अन्याय होतो. हे कूळ मुळात खाडीचं, पण बेटांवर त्यातल्या काहींनी समुद्राची गरज जवळजवळ संपवली आहे. जमैकात हे फार स्पष्ट दिसतं. सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी समुद्रातून आलेल्या एका पूर्वजापासून तिथे ओढ्यात, गुहांत, डोंगरउतारावर राहणाऱ्या अनेक प्रजाती झाल्या. त्यांच्यात झोइया आहे, पण थोडेच दिवस. ती अंड्यातल्या बलकावर जगते, बाहेरचं खाणं फारसं लागत नाही, आणि समुद्रात जात नाही. सेसार्मा जार्विसीची पिल्लं जमिनीवर पडलेल्या गोगलगायींच्या शंखात साठलेल्या पाण्यात वाढतात.

आणि जमैकाचाच मेटोपॉलियस डिप्रेसस. हा ब्रोमेलियाड या अननसाच्या कुळातल्या झाडाच्या पानांच्या बेचक्यात साठलेल्या पावसाच्या पाण्यात राहतो. तिथे कुजणाऱ्या पानांमुळे पाणी आम्लधर्मी होतं, प्राणवायू कमी पडतो, कॅल्शियम जवळजवळ नसतं. मादी बेचक्यातला पालापाचोळा उपसून बाहेर टाकते, त्यामुळे प्राणवायू वाढतो. मग रिकामे गोगलगायीचे शंख आणून त्यात ठेवते. ते हळूहळू विरघळतात, आम्लता उतरते आणि पिल्लांना कवचासाठी कॅल्शियम मिळतं. पिल्लं खाणाऱ्या टाचणी-चतुरांच्या अळ्याही ती मारते. खेकड्यासारख्या प्राण्याने पाण्याची घडण अशी बदलावी, हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात विलक्षण वाटतं.

तेव्हा नोंद करताना दोनाऐवजी तीन रकाने ठेवा: समुद्रात वाढणारी अळी, जागेवरच वाढणारी अळी, थेट पिल्लू.

ओढाकाठ

शेवाळ, मान्य. तीन रकानेच हवेत. दक्षिणपूर्व आशियाच्या बेटांवरचे गीओसेसार्मा याच कुळातले, पण त्यातले काही आणखी पुढे गेलेत, त्यांच्यात थेट पिल्लू निघतं. म्हणजे कूळ बघून रकाना ठरवता येत नाही.

पाणकळा

पाहणीबद्दल लिहितो. साधं वाटतं, पण आकडे बिघडतात ते पद्धतीमुळेच.

टप्पा: ५० मीटरचा एक टप्पा घ्या, दोरीने १० मीटरचे पाच भाग पाडा. प्रत्येक भागात डोह किती, उथळ खळखळ किती, काठावर बिळं किती, ते आधी लिहा. काम नेहमी खालून वर करत जायचं, म्हणजे ढवळलेला गाळ तुमच्या मागे जातो.

वेळ: अंधार पडल्यावर साधारण तासाभराने सुरुवात, दोन-अडीच तास. बहुतेक प्रजाती रात्री बाहेर पडतात आणि काठावरही येतात, म्हणून पाण्याच्या कडेपासून दोन्ही बाजूंना दोन मीटर जमीन धरा. हेडलॅम्प मंद ठेवा. झोत थेट पडला की खेकडा एक तर दगडासारखा थिजतो किंवा पटकन बिळात जातो.

दगड: हातजाळी दगडाच्या खालच्या अंगाला, तळाला टेकवून धरायची. दगडाची प्रवाहाकडची कड उचलायची, म्हणजे पाणी खालून वाहून खेकडा आपसूक जाळीत येतो. मग दगड त्याच खळग्यात, तीच बाजू वर ठेवून परत. दगड उलटा ठेवला तर वरचं शेवाळ अंधारात मरतं आणि खालचे किडे उघड्यावर येतात. तळात रुतलेला दगड उपसायचाच नाही. त्याखालची पोकळी पुन्हा तशी जमत नाही.

हाताळणी: अंगठा आणि तर्जनी कवचाच्या दोन्ही बाजूंना, मागच्या अंगाने. पाय धरून उचलला की खेकडा पाय सोडून देतो. पाय पुन्हा येतो, पण कात टाकल्यावर, आणि तोवर त्याचं खाणं-लढणं दोन्ही मंदावतं. बोटाने हलकेच दाबल्यावर कवच लवलं तर तो नुकताच कात टाकलेला आहे. त्याला मोजायचं नाही, लगेच सोडायचं.

बादली: तळाला फक्त एक-दोन सेंटीमीटर पाणी आणि मूठभर ओली पानं. भरलेली बादली ही सर्रास होणारी चूक. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो. उथळ पाण्यात खेकडा कल्ल्यांच्या कप्प्यात हवा घेऊ शकतो. जवळून बघा, तोंडापाशी बारीक फेस येतो आणि पायांच्या बुडाशी पाणी आत ओढलं जाताना दिसतं. मोठे खेकडे वेगवेगळ्या डब्यांत, नाहीतर मोजायला घेईपर्यंत नांग्या तुटलेल्या असतात.

मापं: कवचाची जास्तीत जास्त रुंदी व्हर्नियरने ०.१ मिमीपर्यंत, लिंग (नराची झडप अरुंद त्रिकोणी, प्रौढ मादीची रुंद गोलसर), तुटलेले अवयव, अंडी किंवा पिल्लं आहेत का. अंड्यांवाली मादी दिसली तर फक्त फोटो आणि रुंदी. झडप उघडायची नाही. अंडी सुटली तर परत चिकटत नाहीत.

पावसाळ्यात वरच्या बाजूला ढग दिसले तर काम थांबवा. बेटांवरचे ओढे आखूड आणि तीव्र उताराचे असतात, पाणी काही मिनिटांत चढतं.

डोहतळ

पाणकळा, छान लिहिलंत. पण ट्रॅपबद्दल काहीच नाही. दगड उचलण्यापेक्षा आमिष लावलेला ट्रॅप ओढ्याला कमी त्रास देतो असं माझं मत आहे. नरसाळ्याच्या तोंडाचा गोल ट्रॅप, ६-८ मिमी जाळी, आमिष भोकं पाडलेल्या डबीत (उघडं ठेवलं तर पहिला आलेला खेकडाच ते संपवतो), संध्याकाळी लावायचा आणि पहाटे काढायचा.

पाणकळा

डोहतळ, ट्रॅप वाईट नाही, पण त्याचे आकडे एकांगी येतात. मोठे खेकडे जास्त शिरतात, त्यातही नर जास्त. अंड्यांवाल्या माद्या लपून असतात, त्या फारशा येत नाहीत. मोठा आत असेल तर लहान आत जात नाही, गेला तर खाल्ला जातो. म्हणजे केवळ ट्रॅपवर विसंबलात तर "पिल्लं नाहीत, मादी कमी" असा निष्कर्ष निघतो आणि तो बहुतेक वेळा चूक असतो. खोल डोहात, जिथे हात पोचत नाही, तिथे ट्रॅप लावा. उथळ भागात हातानेच शोधा. दोन्हींची नोंद वेगळी ठेवा, एकत्र करून सरासरी काढू नका.

एक अट मात्र सोडू नका. ट्रॅपचा वरचा चौथा हिस्सा पाण्याबाहेर राहिला पाहिजे. पूर्ण बुडालेल्या ट्रॅपमध्ये रात्रभर अडकलेले खेकडे आणि कोळंबी गुदमरून मरतात, विशेषतः वाहतं पाणी नसेल तर. दोरी मुळाला बांधा, दगडाला नको.

डोहतळ

मान्य. एकूण संख्येचा अंदाज काढायला खूण करून पुन्हा पकडण्याची पद्धत वापरता का?

पाणकळा

हो, पण दोन पकडींमध्ये दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त अंतर नको. कवच कोरडं करून नखांच्या रंगाचा ठिपका लावायचा, दोन-तीन मिनिटं वाळू द्यायचा. कात टाकली की ठिपका कवचाबरोबर जातो, म्हणून लांबच्या अभ्यासाला तो निरुपयोगी.

हिशेब असा: पहिल्या रात्री खूण केलेले २४. दुसऱ्या वेळी पकडलेले ३०, त्यात खुणेचे ८. (२४+१) गुणिले (३०+१) भागिले (८+१), त्यातून १ वजा. म्हणजे ७७५ भागिले ९, साधारण ८६, वजा १. त्या टप्प्यात सुमारे ८५ खेकडे. खुणेचे ४-५ च सापडले तर हा आकडा छापू नका, तो फार डळमळीत असतो. एक रात्र आणखी करा. आणि ५ मिमीच्या पिल्लांना ठिपका लावताच येत नाही, त्यामुळे हा अंदाज मोठ्या खेकड्यांपुरताच आहे हे लिहा.

क्षारमापक

पाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. खेकड्यांची संख्या कमी-जास्त का, याचं उत्तर पुष्कळदा पाण्यातच असतं आणि तेच मोजायचं राहतं.

गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या रक्तात क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे पाणी सतत आत शिरू बघतं आणि क्षार बाहेर निसटतात. तो हे दोन प्रकारे सांभाळतो: कल्ल्यांतून सोडियम आणि क्लोराइड ऊर्जा खर्चून आत ओढतो, आणि लघवी अगदी थोडी करतो, कारण त्याच्या लघवीत क्षार रक्ताएवढेच असतात, जास्त केली तर तोटाच. यात भर कात टाकण्याची. जुन्या कवचातलं बरंचसं कॅल्शियम त्याच्याबरोबर जातं आणि नव्यासाठी ते पाण्यातून आणि खाण्यातून पुन्हा गोळा करावं लागतं. म्हणूनच टाकलेली कात तो खातो. पाहणीत सापडलेली कात उचलून नेऊ नका.

आता बेटाचा खडक बघा. चुनखडी असेल तर कॅल्शियम भरपूर. ग्रॅनाइट असेल तर पाणी अतिशय मृदू, आणि आम्लतेचा धक्का सोसायची ताकद त्या पाण्यात नसते. सिंगापूरचा जोहोरा सिंगापुरेन्सिस हा याबाबतचा इशारा आहे. १९८६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, जेमतेम ३ सेंटीमीटरचा खेकडा, बुकित तिमाह आणि आसपासच्या थोड्या ओढ्यांपुरता. ज्या ओढ्यातून त्याचं वर्णन झालं तिथेच तो पुढे घटत गेला. ओढ्याचं पाणी आम्लधर्मी होणं आणि भूजल खाली जाणं ही कारणं मांडली गेली आहेत. जंगल राखीव होतं, झाडं जागेवर होती, तरी पाणी बदललं. २०१२ मध्ये जगातल्या सर्वांत धोक्यातल्या १०० प्रजातींच्या यादीत तो आला. नंतर बंदिस्त पैदास करून पिल्लं परत सोडण्याचं कामही सुरू झालं.

मोजताना: तापमान, पीएच, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू आणि कॅल्शियमची कठीणता. यातला पीएच सर्वाधिक चुकतो. मृदू पाण्यात विजाग्र (पीएचमापकाचं पाण्यात बुडवायचं टोक) सावकाश स्थिरावतो. १०-१५ सेकंदांत दिसलेला आकडा लिहिला तर तो अर्ध्या एककानेही चुकीचा असू शकतो. मापक जुळवायला कमी क्षारांच्या पाण्यासाठी मिळणारं प्रमाणद्रावण वापरा, विजाग्र आधी ओढ्याच्याच पाण्यात काही मिनिटं बुडवून ठेवा, आकडा दोन मिनिटं हलला नाही की मग लिहा. दुपारी आणि पहाटे असं दोनदा मोजा. आणि मोठ्या पावसानंतरच्या पहिल्या लोंढ्यात एकदा तरी मोजा, कारण आम्लतेचा झटका तेव्हाच येतो आणि महिन्यातून एकदा मोजणाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

निवळी

क्षारमापक, फार उपयोगी. बंधाऱ्यांचा परिणाम दोन्ही गटांवर सारखाच होतो का?

ओढाकाठ

वेगवेगळा होतो. समुद्रावर अवलंबून असलेल्यांना, म्हणजे व्हरुनासारखे खेकडे आणि बेटांवरच्या बहुतेक ओढ्यांतली कोळंबी, बंधारा म्हणजे बंद दार. वर चढणारी पिल्लं भिंतीशी अडतात आणि खाली वाहणाऱ्या अळ्या पाणी उपसणाऱ्या नळात ओढल्या जातात. पोर्तो रिकोमध्ये कोळंबीवर झालेल्या कामातून दिसलं की अळ्या मुख्यतः रात्री, त्यातही अंधार पडल्यानंतरच्या काही तासांत खाली वाहतात. म्हणून तेवढे तास उपसा थांबवला तर बरंच नुकसान टळतं. भिंतीवरून कायम पातळ पाझर राहिला आणि पृष्ठभाग खडबडीत असला तर चढणाऱ्यांनाही वाट मिळते. तोच बंधारा कोरडा पडला तर नाही.

थेट पिल्लू देणाऱ्यांना भिंतीपेक्षा खालचा कोरडा टप्पा मारतो. आणि गाळ. दगडांमधल्या फटी बारीक मातीने बुजल्या की ५ मिमीच्या पिल्लांना लपायला जागा उरत नाही, मग मोठे खेकडेच त्यांना खातात. मोठ्यांची संख्या दोन-तीन वर्षं ठीक दिसते आणि मग एकदम कोसळते. म्हणून पिल्लं मोजायचीच.

रानवेल

वाचनमात्र होते, एक प्रश्न. पाळण्यासाठी "व्हॅम्पायर क्रॅब" नावाने विकतात ते याच गटातले का? ते पाळणं योग्य आहे का?

शेवाळ

रानवेल, ते गीओसेसार्मा. पिवळ्या डोळ्यांचे दोन प्रसिद्ध प्रकार, गीओसेसार्मा डेनर्ले आणि गीओसेसार्मा हागेन, जावा बेटावरचे. त्यांना शास्त्रीय नाव मिळालं २०१५ मध्ये, पण बाजारात ते त्याच्या आधीपासून होते. म्हणजे राहतात कुठे, किती आहेत हे कळायच्या आत पकड सुरू. घ्यायचेच तर बंदिस्त पैदाशीचेच घ्या, विकणाऱ्याला पिल्लं आणि माद्या दाखवायला सांगा. सगळे एकाच आकाराचे प्रौढ आणि काहींचे पाय तुटलेले असतील, तर ते रानातून आणलेले असण्याची शक्यता जास्त.

एक नर, तीन माद्या यांना ६० × ४० सेंटीमीटर तळाची टाकी. दोन तृतीयांश ओली जमीन, एक तृतीयांश पाणी, ४-५ सेंटीमीटर खोल आणि चढायला उतार. तापमान २४ ते २७ अंश. पाणी गोडंच. मीठ घालायचा सल्ला खाडीच्या खेकड्यांसाठीचा आहे, यांना तो लावू नका. वाळलेली पानं खाणं म्हणून आणि लपण म्हणूनही, आठवड्यातून दोनदा थोडं मांसाहारी खाणं, आणि समुद्रफेणीचा तुकडा कायम.

मरतात कशाने, ते जास्त महत्त्वाचं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन किंवा क्लोरामाइन (क्लोरामाइन नुसतं उघडं ठेवून उडत नाही), माशांच्या औषधांतलं तांबं, लपण कमी असल्याने कात टाकल्यावर दुसऱ्याने खाणं, कॅल्शियम कमी पडून जुन्या कवचात अडकणं, आणि झाकणाची फट. वायर जाते त्या फटीतून ते निसटतात आणि काही तासांत वाळून मरतात.

पाळलेला खेकडा कोणत्याही ओढ्यात सोडू नका. पिल्लंसुद्धा नाही.

डोहतळ

एक सुरक्षिततेची गोष्ट राहिली. आशियातल्या बेटांवर ओढ्यातल्या खेकड्यांत फुप्फुसातल्या चपट्या कृमीचे, पॅरागोनिमसचे, डिंभ (अळीच्या अवस्थेतले कृमी) असू शकतात. जपानमध्ये जिओथेल्फुसा देहानी, फिलिपाइन्समध्ये संडाथेल्फुसा हे ज्ञात वाहक. कृमी आधी गोगलगाईत वाढतो, मग खेकड्याच्या कल्ल्यांत आणि मांसात, आणि कच्चा खेकडा खाल्ला की माणसात. जुनाट खोकला आणि थुंकीतून रक्त ही लक्षणं क्षयासारखी असल्याने चुकीचं निदान होतं आणि क्षयाच्या औषधांनी गुण येत नाही. प्राझिक्वांटेल हे यावरचं औषध, अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. मिठात, व्हिनेगरमध्ये किंवा मद्यात मुरवल्याने डिंभ मरतीलच असं नाही, आतपर्यंत शिजवल्यानेच मरतात. नमुने चिरणाऱ्यांनी हातमोजे घालावेत आणि ती कात्री, ती पाटी स्वयंपाकघरात आणू नये.

पाणकळा

नमुन्यांचा विषय निघालाच आहे तर: परवानगी असेल तरच, आणि लागतील तेवढेच. प्रजात ठरवायला एक-दोन प्रौढ नर पुरतात, अंड्यांवाली मादी घ्यायचं कारण नाही. आधी बर्फात ठेवून पूर्ण सुस्त करा, मग ७० ते ७५ टक्के इथेनॉलमध्ये. खेकड्याच्या तिप्पट तरी द्रव हवा आणि २४ तासांनी तो बदलायचा, कारण शरीरातलं पाणी उतरून तो पातळ होतो. न बदलल्यास आतून कुजतो आणि पाय गळतात. डीएनएसाठी एक पाय आधीच काढून ९५ टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये. फॉर्मलिन नको. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत.

डीएनएसाठी प्रत्येक वेळी खेकडा मारायची गरज नसते. जिवंत खेकड्याच्या मागच्या पायाचं टोकाचं पेर पुरतं, तो पाय पुढच्या कातीनंतर भरून येतो. नेमके अक्षांश-रेखांश जाहीर लेखात देऊ नका. पकडणारेही वाचतात.

निवळी

शेवटचा प्रश्न. कोरड्या ऋतूत डोह आटत असेल आणि खेकडे अडकलेले दिसत असतील, तर ते उचलून शेजारच्या वाहत्या ओढ्यात सोडावेत का?

ओढाकाठ

शेजारच्या ओढ्यात नाही. सेशेल्सचं उदाहरण वर आहेच: सारखे दिसणारे खेकडे वेगळ्या प्रजातींचे निघाले. दोन ओढ्यांतले खेकडे मिसळले तर लाखो वर्षांचं वेगळेपण एका दुपारीत पुसलं जाऊ शकतं, शिवाय परजीवीही बरोबर जातात. सोडायचेच तर त्याच ओढ्याच्या पुढच्या ओल्या डोहात, आणि तेही तिथे आधीच गर्दी नसेल तर.

क्षारमापक

पुष्टी. त्याआधी काठ बघा. आटणाऱ्या डोहातले बरेच खेकडे बिळात उतरून भूजलापर्यंत जातात. बिळाच्या तोंडाशी ताज्या ओल्या मातीच्या गोळ्या असतील, किंवा तोंड मातीने लिंपलेलं असेल, तर आत खेकडा आहे असं धरून चाला. काठी घालू नका, खणू नका. त्या काठावरची सावली कोणी तोडत असेल तर ती थांबवता येते का, तेवढं बघा. बिळाजवळची माती तळहातावर घेऊन दाबा. ओल लागली तर खेकड्यांना तिथेच राहू द्या.

निवळी

ठीक. बिळांची तोंडं मोजून रकाना वाढवते: उघडं, ताजी माती, लिंपलेलं.

पाणकळा

त्यात चौथा घाला: कोळ्याचं जाळं असलेलं. ते बीळ रिकामं धरा.